पावली

दर गुरुवारी दहाला
बिटकोच्या सिग्नलवर सायकलवरून उतरतो.
खैरनारबाई चष्मा कपाळावर ढकलतात :
"काका, आज रुपयाची की दोनाची?"
"रुपयाची. हाताळलेली. टाकसाळीची सीलबंद नको."
सगळे चिल्लर खपवायला येतात, मी एकटा न्यायला.
वाल्मीक शिपाई हसतो. हसू दे.

तेहतीस वर्षं प्रेसमध्ये होतो, चेकिंगला.
कोऱ्या नोटा,
अजून ना मिरचीचा हात लागलेला, ना कमरेच्या पिशवीची ऊब.
आत जाताना खिसे उलटे करायचे,
स्वतःचा रुपयासुद्धा गेटवर.
एक शीट कमी भरलं की दारं बंद,
डबा विटो, रात्र होवो,
सापडेपर्यंत कुणी घरी नाही.
डावा कान तिथेच गेला, यंत्रांत.
उजवा भाड्याने दिल्यासारखा :
कधी आत कुणी असतं, कधी नसतं.

म्हणून नाणी मी बघतो, ऐकते द्वारका.

शहाबादी फरशीवर पिशवी उपडी.
ती पाठ करून बसते, मांडीवर मेथीची जुडी.
मी वीतभर उंचीवरून एकेक सोडतो.
"स्टील."
"स्टील."
"स्टीलच, पण ठेचलेलं."
"हे जड. जुनं आहे, बाजूला ठेवा."
मग भिंग घेऊन सालाखाली बघायचं :
चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा,
ठिपका नोएडाचा,
आणि काहीच नसेल तर कोलकाता.
काहीच नसणं हीही एक खूण असते,
हे मला साठीनंतर कळलं.

चार वर्षांत सापडलं ते एका चिवड्याच्या बरणीत मावतं.
एक नाणं, ज्यावर ठसा सरकून बसलाय,
एक खिळ्याने भोक पाडलेलं,
एकाच्या खाचेत कुंकू, इतकं घट्ट
की मी ते काढलं नाही.
चांदी नाहीच.

परवा मेथी थांबली.
"हे परत टाका."
टाकलं.
"अजून एकदा."
मला नुसती फरशी दिसत होती.
"हिचा आवाज लगेच बसत नाही," ती म्हणाली,
"कुणीतरी घंटा वाजवून पायऱ्या उतरून गेल्यासारखा."

एकोणीसशे त्रेचाळीस. पाव रुपया.
राजाचं डोकं झिजून बटाटा झालेलं.
कडेला डाग, डाक लावल्याचा.
"हिला कान होता," द्वारका बोट फिरवत म्हणाली,
"कुणाच्या तरी माळेतली आहे."
कोणी तोडली असेल, कधी,
कोणी रामकुंडात सोडली,
कोणत्या पोराने चाळणीत धरली आणि
चहाच्या गाडीवर रुपया म्हणून चालवली?
एवढं सगळं
प्लॅस्टिकच्या एका पिशवीत.

पण मोजली तर रुपये नव्याण्णव.
रात्रभर प्रेसची दारं बंद होती माझ्या डोक्यात.

सकाळी बँकेत गेलो.
"पिशवीत एक रुपया कमी होता."
"अहो काका, एका रुपयासाठी उन्हातून?"
आणि खैरनारबाईंनी पर्समधून,
स्वतःच्या, एक काढून दिला.
मी घेतला.
त्याच्या जागी काय होतं ते सांगितलं नाही.
ह्या पावलीत चांदी निम्मीच असते म्हणतात.
मीही निम्मंच बोललो.

घरी येऊन दोन्ही नाणी फरशीवर ठेवली.
द्वारकाने काही विचारलं नाही.
पावली उचलली, माझ्या उजव्या कानाशी येऊन
खाली सोडली.
"आलं ऐकू?"
"हो," मी म्हणालो.
ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मग खाली वाकून
फरशीच्या सांधीत गेलेला
खैरनारबाईंचा रुपया शोधू लागली.